चिचेला टांगलेला फोन

“सर, तुमचा मेसेज वाघ यायच्या आधी येतो, का वाघ निघून गेल्यावर?”

हा प्रश्न माझा नव्हता, मदीहाचा होता. पण मदीहाला उभं राहायचं नव्हतं आणि दिव्यानीला नुसता प्रश्न ऐकूनच हसू फुटत होतं, म्हणून दोघींनी माझ्यावर पैज लावली. विचारलंस तर गुपचुपची, म्हणजे पाणीपुरीची, एक प्लेट, नाही विचारलंस तर शाळा सुटेपर्यंत दोघींची दप्तरं वाहायची. मी उभी राहिले. आधी मी हजेरीलाही मान खाली घालून ‘हजर’ म्हणायची. पण दिवाळीनंतर भाषण स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला. स्पर्धक तीनच होतो, पण नंबर तो नंबर. तेव्हापासून मला उभं राहायला आवडायला लागलं होतं.

मूल गावातल्या आमच्या शाळेत जंगल खात्याचा कार्यक्रम होता. साहेब पडद्यावर ‘सावध’ नावाचं ॲप दाखवत होते. जंगलाच्या कडेला वाघ दिसला की वनरक्षक त्यात मेसेज टाकतात. तो गावातल्या एका ठरलेल्या माणसाच्या फोनवर जातो आणि तो माणूस गावाला सांगतो. “त्यामुळे गाव सुरक्षित राहतं,” असं साहेब नुकतेच म्हणाले होते.

हॉल हसला. साहेब हसले नाहीत.

“कोणत्या गावची तू?”

“पिपरटोला.”

साहेबांनी फोनवर बोट फिरवलं. “पिपरटोला. सोमवारी मेसेज पहाटेच गेला आहे. मोह वेचणाऱ्या बाया निघायच्या आधी. आता ज्याला गेला त्यानेच गावाला सांगितलं नाही, तर ॲप काय करणार?” मग त्यांनी चष्मा वर सरकवून मोठ्याने वाचलं, “देवाजी. कोण हे?”

“माझे बाबा,” मी म्हटलं.

हॉल पुन्हा हसला. या वेळी जास्त वेळ.

गुपचुपची प्लेट मदीहाने इमानदारीने दिली. मी पूर्ण खाल्ली. पैज म्हणजे पैज.

सोमवारी झालं होतं ते असं. आमच्या गावच्या बाया मोहाच्या दिवसांत फटफटायच्या आधीच टोपल्या घेऊन निघतात. मोहफूल रात्रीतून गळतं आणि उशीर झाला की हरणं खाऊन जातात. त्या दिवशी धुरपताबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. चांगलं झाड आपल्याला मिळावं म्हणून त्या नेहमीच पुढे असतात. त्यांच्या चांगल्या झाडाखाली वाघ बसलेला होता. धुरपताबाईंच्या सांगण्याप्रमाणे वाघाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग टोपलीकडे पाहिलं, आणि दोन्हींत काही दम नसल्यासारखा उठून निघून गेला. टोपली दुपारी सापडली. उजव्या पायाची चप्पल सापडली नाही. तो विषय अजून सुरू आहे.

बाया ओरडत पळत गावात शिरल्या, तेव्हा विहाराच्या भोंग्यावर बाबांचा आवाज येत होता. “सूचना. सूचना. जंगलात वाघ हाये. आज मोहाले कोनी जाऊ नये.”

मेसेजची जबाबदारी गावाने बाबांना दिली होती, कारण ते लवकर उठतात आणि त्यांचा आवाज खणखणीत आहे. बाबांनी ती फार मनावर घेतली होती. भोंग्यावर माणूस दिसत नाही, फक्त ऐकू येतो, हे माहीत असूनही ते सूचना द्यायच्या आधी शर्टाची सगळी बटणं लावत. गळ्याजवळचंसुद्धा.

आता त्या शाळेतल्या हसण्याचा व्हिडिओ कोणीतरी काढला होता आणि माझी बस गावात पोचायच्या आधी तो पोचला होता. विक्कीने त्याचं स्टेटस ठेवलं होतं. विक्की म्हणजे आमच्या गल्लीतला पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा. तयारी तो बोरिंगच्या हातपंपाच्या ओट्यावर बसून फोनवर गेम खेळत करतो.

“तुले एवढं तोंड कोनं देलं?” आईने दारातच विचारलं. माझ्या आईचं नाव सीता, पण तिच्या बोलण्यात सहन करणं वगैरे काही नसतं.

“तुमीच देलं.”

“मंग परत घेतो आमी. लाव कुलूप तोंडाले.”

जेवण झाल्यावर हात धुताना बाबा एवढंच म्हणाले, “बाया निंगाच्या आधी मेसेज आला नव्हता, संघू. मी झाडाखालीच बसून होतो.”

पण फोनमध्ये मेसेज होता आणि त्याच्यावर वेळ पहाटेची होती. तो फोन गावातल्या सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला होता. त्यामुळे गावाचं मत पक्कं झालं होतं, की देवाजीभाऊंचा डोळा लागला आणि आता ते मानत नाहीत. रविवारी विहारात बैठक ठरली. भोंगा विक्कीला द्यायचा का, एवढा एकच विषय. विक्कीने ॲप घेऊनही ठेवलं होतं, आणि आमच्या भागाच्या वनरक्षक मलिका मॅडम यांनी तोवर दोघांचे नंबर मेसेजला जोडून दिले होते.

बाबांना दुसरं कोणतंही पद मिळालेलं नाही. मला तर वाटतं त्यांना नको पण आहे. पण भोंगा गेला तर ते सकाळी उठून कोणत्या कामासाठी बटणं लावतील, ते मला सुचेना. आणि हे सगळं मी एका प्लेटीसाठी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाबांसोबत झाडाखाली गेले.

झाडाचं सांगते. आमच्या गावात टावर, म्हणजे फोनची रेंज, येत नाही. टावर बोरिंगजवळच्या चिचेच्या एका फांदीवर येतो आणि सांडला तर थोडा खालच्या ओट्यावर येतो. म्हणून बाबा रात्री फोन बिस्किटाच्या प्लास्टिकच्या बरणीत घालून त्या फांदीला टांगतात. आवाज बाहेर यावा म्हणून झाकणाला खिळ्याने भोकं पाडली आहेत. आमच्या जिल्ह्यात वीज भरपूर तयार होते आणि आमच्या गावावरून पुढे जाते, त्यामुळे चार्जिंगची काळजी आम्हालाच घ्यावी लागते. बाबांनी बॅटरी वाचवायचं बटण कायमचं लावून ठेवलं होतं. ‘सावध’ ॲप त्यांनी घेतल्या दिवसापासून एकदाही उघडलं नव्हतं. “उगाच उघडून पाह्यलं तर बिघडन,” असं त्यांचं म्हणणं. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीसारखं ते ॲप कोरं होतं. आणि टांगलेल्या बरणीला सूचना मिळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, हा नियम.

आम्ही बसलो. मी पाय हलवत होते.

“पाय नोको हालवू,” बाबा म्हणाले.

“काऊन?”

“फोनले धक्का नोको लागाले.”

थोड्या वेळाने विक्की आला. भोंगा मिळणार म्हणून तो त्या आठवड्यात लवकर उठत होता. ओट्यावर बसला, जांभई दिली आणि गेम सुरू केला. वरची बरणी गप्प होती. तेवढ्यात विक्कीचा फोन टिंगटिंग वाजला.

“तलावाच्या पाळीवर पाऊलखुणा,” त्याने वाचलं. “देवाजीभाऊ, तुमाले आला का?”

बाबा ताडकन उठले. त्यांनी काठीने बरणी फांदीवरून काढली, आणि बरणी हातात येता येता फोन वाजला. एकदा नाही. आधी तलावाचा मेसेज, मग आदल्या दिवशीचं मामाचं ‘शुभ रात्री’, मग मामाचंच ‘शुभ सकाळ’.

“पाहा,” विक्की म्हणाला. “देवाजीभाऊचा फोन बी देवाजीभाऊवरच गेला. हालवल्याशिवाय उठत नाई.”

त्या दिवशी बाबांनी सूचना विक्कीच्या फोनमधलं वाचून दिली. बटणं लावली होती, पण आवाज शाळेतल्या कवितेसारखा येत होता.

मला मात्र विक्कीचं बोलणं लागलं नाही. मला ते उपयोगी वाटलं. मधल्या सुट्टीत मी मदीहाचा फोन घेतला. तिच्या अब्बूंचं बांगड्यांचं दुकान आहे आणि दुकानाचा जुना फोन ती लपवून शाळेत आणते. तुझ्याच प्रश्नामुळे हे झालं, असं म्हटल्यावर तिने तो लगेच दिला. आम्ही तिघींनी मुलींच्या बाथरूमच्या मागे बसून फोनच्या बॅटरीबद्दल जेवढं मिळालं तेवढं वाचलं.

तर ते असं असतं. फोन नुसता चालू किंवा बंद नसतो. मधे बऱ्याच पायऱ्या असतात. स्क्रीन बंद झाली की तो आधी डुलकी घेतो. मग तो चार्जिंगला नसेल, कोणी हात लावत नसेल आणि जागचा हलतही नसेल, तर तो समजतो की आता माझी कोणाला गरज नाही, आणि गाढ झोपतो. गाढ झोपेत तो इंटरनेट बंद ठेवतो. मधेमधे एक डोळा उघडून साचलेले मेसेज घेतो, पण जितका वेळ पडून राहील तितका तो डोळा उशिरा उघडतो. हलवला की लगेच जागा. शिवाय आतल्या ॲपच्याही रांगा असतात. जे ॲप रोज उघडता ते पुढे बसतं. जे कधीच उघडत नाही ते शेवटच्या बाकावर. त्यात बॅटरी वाचवायचं बटण दाबलं असलं की शेवटच्या बाकावरच्याला कोणी विचारतच नाही.

“म्हणजे विक्कीचा फोन हुशार म्हणून नाही वाजत,” दिव्यानी म्हणाली.

“विक्की रिकामा म्हणून वाजते,” मदीहा म्हणाली. “फोनले झोपूच देत नाई ना तो.”

आणि बाबांचा फोन? चार्जिंग नाही, स्क्रीन बंद, फांदीला टांगलेला, खाली पहारा, हात न लावायचा नियम, ॲप कोरं. एखाद्या फोनला गाढ झोपवायचं असेल तर याहून चांगली व्यवस्था करता येणार नाही. पाय नोको हालवू म्हणणारे बाबा त्याला अंगाई तेवढी म्हणत नव्हते.

रविवारी बैठकीत मी उभी राहिले. आईने माझा कुर्ता मागून ओढला. मी तशीच ओढलेली उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

“फोनले झोप लागते म्हने,” कोणीतरी मागून म्हणालं. “मंग त्याले गोधडी देल्ली का?”

“पोरगी बापाची बाजू घेनारच,” विक्की म्हणाला.

“तर मंग करून पाहू,” मी म्हटलं. “आपन सगळे झाडाखाली बसू. बाबांचा फोन बरनीत, तुमचा तुमच्या हातात. मॅडमनं दोघायले संगच मेसेज टाकाचा.”

मलिका मॅडम बैठकीला आल्याच होत्या. त्या हो म्हणाल्या. सडकेवरच्या पुलियावर टावर चांगला येतो, तिथे जाऊन त्या बसतील, आणि फोनला झोप लागायला पुरेसा वेळ देऊन मेसेज टाकतील असं ठरलं. मॅडम मोटारसायकलवर गेल्या. बाबांनी बरणी टांगली. आणि पिपरटोला गाव एका फोनला झोप लागायची वाट पाहत चिचेखाली बसलं.

धुरपताबाई माझ्या शेजारी होत्या, मोहाची टोपली मांडीत घेऊन. ती त्या आता कुठेच सोडत नाहीत.

“झोपला का?” त्यांनी कानात विचारलं.

“नाई अजून.”

“मी खोकली तर उठन का?”

“खोका ना आजी. त्याले आयकू नाई येत. हालवलं तरच उठते.”

त्या मनापासून खोकल्या.

ऊन चढलं. लहान पोरं कंटाळली. विक्की गेम खेळत होता, तेवढाच टिकटिक आवाज. मग त्याचा फोन वाजला. आणि त्याच्या पाठोपाठ, काहीच अडचण नसल्यासारखी, वरची बरणीही वाजली.

गाव हसलं. विक्कीने उठून पँट झटकली. “झाली का झोप?” त्याने मला विचारलं. बाबा जमिनीकडे पाहत होते. आईने माझा कुर्ता सोडून दिला, आणि ते मला ओढण्यापेक्षा वाईट वाटलं.

“अरे पन वांदर!” धुरपताबाई म्हणाल्या.

“काय वांदर?”

“वांदर नाई का आलता वर आताच? मही टोपली पाहून राह्यला होता मघापासून, म्हनून मी त्याच्यावर नजर ठेवून होती. त्या फांदीवर उडी मारली ना त्यानं. बरनी कशी पाळन्यावानी हालली. तवाच वाजला तो.”

सगळ्यांनी वर पाहिलं. वांदर शेंड्याला बसून चिच खात होतं. त्याने नाही म्हटलं नाही.

धुरपताबाईंना बाबांवर दया येण्याचं काही कारण नव्हतं. चपलेची तक्रार त्यांचीच होती. म्हणूनच त्यांचं खरं मानावं लागलं. पुन्हा करून पाहायचं ठरलं. मॅडमना निरोप गेला. या वेळी दोन पोरांना गुलेल देऊन दुसऱ्या झाडावर बसवलं आणि वांदराला हाकलून पलीकडच्या चिचेवर पाठवलं. काही जण जेवून आले. धुरपताबाई जेवायला गेल्या नाहीत.

पुन्हा विक्कीचा फोन वाजला. त्याने तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला. मग सगळ्यांच्या माना बरणीकडे वळल्या.

बरणी गप्प होती.

आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. बोरिंगवर कोणीतरी पाणी भरायला आलं, भरून गेलं. बरणी गप्प.

“आता काढा, बाबा,” मी म्हटलं.

बाबा उठले. त्यांनी आधी बटणं लावली. मग काठीने हळूच बरणी उचलली, आणि ती फांदीवरून सुटून डोलली तशी त्यांच्या हातात वाजायला लागली. बाबांनी झाकण उघडून फोन बाहेर काढला, मेसेज पाहिला, आणि तो आधी धुरपताबाईंना दाखवला. त्याच्यावर वेळ मॅडमनी टाकल्याची होती, वाजल्याची नाही. धुरपताबाईंना वाचता येत नाही. त्यांनी तरी बराच वेळ पाहिला.

“मंग सोमवारी बी असंच झालं,” त्या म्हणाल्या. “देवाजी जागाच होता.”

“जागाच होतो ना बाई,” बाबा म्हणाले.

“चप्पल तरी गेलीच ना मही.”

मग मी सगळ्यांसमोर बाबांच्या फोनमध्ये गेले. बॅटरी वाचवायचं बटण काढलं. ‘सावध’ ॲपच्या बॅटरीच्या पानावर गेले आणि त्याला कोणतंच बंधन नको अशी निवड केली. ॲप उघडून दाखवलं. ते बिघडलं नाही. विक्की मागून वाकून पाहत होता.

“मह्यात बी करून दे,” तो हळूच म्हणाला.

“तुमाले गरज नाई, दादा. तुमचा कुठी झोपते?”

भोंग्याचा विषय निघालाच नाही. बैठकीचा विषय तोच होता, पण कोणी काढला नाही, आणि लोक उठून घरी गेले. आमच्याकडे ठराव असेच होतात.

नंतरच्या दिवसांत रोज पहाटे बाबा झाडाखाली आणि मी आमच्या अंगणात खाटेवर कान देऊन. दोन दिवस काहीच नाही, कारण वाघच नव्हता. तिसऱ्या दिवशी, अजून अंधार असताना, बरणी आपली आपण वाजली. कोणी हलवली नाही, कोणी हात लावला नाही. मी बाबांना धावताना पहिल्यांदा पाहिलं. धावताना ते वरचं बटण लावत होते.

“सूचना. सूचना. नाल्याच्या बाजूनं वाघ हाये. आज मोहाले कोनी जाऊ नये.” भोंगा थोडा थांबला. “धुरपताबाई, तुमी बी.”

बाया आपापल्या दारात टोपल्या घेऊन बसल्या आणि वाघाला नावं ठेवायला लागल्या. मला ते फार छान वाटलं.

सकाळी मलिका मॅडमचा फोन आला, तोही चिचेवरच. येत्या रविवारी मूलला जंगलाकडेच्या सगळ्या गावांतल्या मेसेजवाल्या माणसांची बैठक आहे, साहेब येणार आहेत, देवाजीभाऊंनी यावं. बाबांनी घरी येऊन हे आईला सांगितलं आणि चहा बशीत ओतला.

“साहेबानं शाळेत मह्यं नाव वाचलं म्हने,” ते म्हणाले. एवढ्या दिवसांत ते याबद्दल पहिल्यांदाच बोलले. “सगळ्यायसमोर.”

“हो,” मी म्हटलं.

“त्यायले कोन सांगन आता, का फोन झोपला होता म्हनून?” बशीतल्या चहाकडे पाहत ते म्हणाले. “मले भोंग्यावर बोलता येते. समोर मानसं असले की नाई जमत.”

आईने माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड उघडायच्या बेतात होतं, हे तिला लांबून कळतं. “आता कोनासंग पैज लावली?” तिने विचारलं.

“कोनासंगच नाई.”

“मंग?”

मी खाटेवरून उठून उभी राहिले. “रविवारी मी बी येऊन राह्यली मूलले,” मी म्हटलं. “बाबा, तुमी समोर बसाचं, वरचं बटन लावून. उभी मी राहीन. अन् साहेबाले विचारीन, का सर, बाकीच्या गावाचे फोन कोन्या कोन्या झाडाले टांगून हायेत?”